कामाचा हक्क आणि कामाचे प्रयोजन : प्रस्तावना

एखाद्या समाजाचे बरे चालले आहे की नाही हे ठरवताना दरडोई उत्पन्न, धान्याची उपलब्धता, साक्षरता, बालमृत्यूचे प्रमाण अशी मोजमापे पुढे ठेवली जातात आणि त्यांचे महत्त्व नाकारण्याचे काहीच कारण नाही. परंतु या बहुतेक मोजमापांत काम येते ते केवळ उत्पन्नाचे साधन म्हणून, आणि त्यामुळे काम गेलेल्या माणसाच्या हाती तेवढीच रक्कम दुसऱ्या वाटेने पोहोचवली की त्याचे नुकसान भरून निघेल असे नकळत गृहीत धरले जाते. गेल्या शंभर वर्षांतील अनुभव या गृहीतकाच्या विरुद्ध साक्ष देतो. काम हे उपजीविकेबरोबरच दिवसाला आकार देते, घराबाहेरच्या माणसांशी बांधून ठेवते आणि आपल्या असण्याचा कोणाला तरी उपयोग आहे याची रोजची खात्री देते. ही खात्री मोठ्या संख्येने माणसांकडून हिरावली गेली की त्या समाजाचे स्वास्थ्य, म्हणजे परस्परांवरचा विश्वास, सार्वजनिक गोष्टींतला रस आणि उद्याची आखणी करण्याची उमेद, पोट भरलेले असतानाही ढासळू लागते.

मात्र कोणतेही काम हे स्वास्थ्य देते असे म्हणणे तितकेच चुकीचे ठरेल. प्रस्तुत ग्रंथात ‘हेतुपूर्ण काम’ ही संज्ञा एका निश्चित अर्थाने वापरली आहे : ज्या कामाचा उपयोग कशासाठी होणार हे करणाऱ्याला दिसते, जे काम निवडताना वा आखताना त्याचाही शब्द विचारला जातो आणि ज्याच्या फळात त्याला वाटा मिळतो, ते हेतुपूर्ण काम. हेतू ही मनाची एखादी प्रसन्न अवस्था आहे आणि शिकवणुकीने ती कामगाराच्या ठिकाणी निर्माण करता येते, असा समज व्यवस्थापनाच्या आजच्या पुस्तकांनी रूढ केला आहे. येथे तो स्वीकारलेला नाही. हेतू हा कामाच्या रचनेचा, मालकीचा आणि निर्णयाधिकाराचा प्रश्न आहे, हे या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन आहे आणि त्याची कसोटी प्रामुख्याने महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेवर पाहिली आहे.

बेरोजगारीचा समाजमनावर होणारा परिणाम प्रथमच बारकाईने नोंदवला गेला तो ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या व्हिएन्नाजवळच्या गिरणीगावात. १९२९-३० च्या सुमारास तेथील कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी तेथील ४७८ कुटुंबांचा अभ्यास करून १९३३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हाती रिकामा वेळ भरपूर आल्यावर माणसे वाचतील, संघटनांत अधिक भाग घेतील, अशी अपेक्षा कोणीही केली असती. प्रत्यक्षात कामगारांच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळपास निम्म्याने घटली, राजकीय संघटना ओस पडू लागल्या, पुरुषांनी घड्याळ बाळगणे सोडून दिले आणि रस्त्याने चालताना ते कारणावाचून थांबू लागले. स्त्रियांची चाल मात्र तितकी मंदावली नाही, कारण गिरणीचे काम गेले तरी स्वयंपाक, धुणे आणि मुले यांचे काम गेले नव्हते. या निरीक्षणांवरून याहोडा यांनी पुढे असे मांडले की वेतन हे रोजगाराचे उघड फळ असले तरी त्याची काही अप्रकट फळेही असतात, आणि वेळेची घडी, कुटुंबाबाहेरचा सहवास, सामूहिक उद्दिष्टात सहभाग, समाजातील स्थान व नियमित हालचाल ही त्यांत येतात. ज्या ग्रामाटनॉयझीडल गावाच्या हद्दीत मारिएन्थाल आहे तेथेच २०२० मध्ये दीर्घकाळ बेरोजगार असलेल्या प्रत्येकाला कामाची हमी देणारा प्रयोग सुरू झाला, आणि ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या त्याच्या मूल्यमापनात आर्थिक सुरक्षिततेबरोबर वेळेची घडी आणि सामाजिक संबंध या बाबतींतही सुधारणा आढळली. युरोपात नवलाईने पाहिला गेलेला हा विचार महाराष्ट्रात तोपर्यंत अर्धशतकाहून जुना झाला होता, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने आणि तितक्याच चिकित्सेने ध्यानात घ्यावी.

त्या विचाराकडे वळण्यापूर्वी एका धोक्याची नोंद करणे अगत्याचे आहे. कामाच्या थोरवीची भाषा भारतीय समाजात निरागस नाही. बलुतेदारीच्या व्यवस्थेत प्रत्येकाचे काम ठरलेले होते, गावाला त्याचा उपयोग होता, कामाला परंपरेचा आधार होता. वरवर पाहता याहोडा यांनी सांगितलेली बहुतेक फळे तेथे हजर होती. तरीही महारकी करणाऱ्याला ते काम नाकारण्याची मुभा नव्हती, मोबदला ठरवण्याचा अधिकार नव्हता आणि त्या कामामुळे मिळणारे समाजातील स्थान म्हणजे अस्पृश्यता होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले ते या सक्तीच्या सेवेची बेडी तोडण्यासाठी. कनिष्ठ गावकामगारांची ही वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे आंबेडकरांनी १९३६ मध्ये मांडलेले सूत्र या विषयावरील कोणत्याही मराठी ग्रंथाने पायाभूत मानले पाहिजे, कारण जन्माने लादलेल्या कामात समाजाला हेतू दिसत असला तरी करणाऱ्याचा हेतू तेथे विचारलेलाच नसतो. सावता माळी आणि गोरोबा कुंभार यांनी मळा आणि चाक सोडून देवाकडे जाण्याची गरज नाही हे दाखवून श्रमाला जी प्रतिष्ठा दिली ती मराठी मनाची मोठी मिळकत आहे. पण त्याच वारकरी परंपरेतील चोखोबांना मंदिराबाहेरच उभे राहावे लागले, यावरून भावनेत मिळालेली प्रतिष्ठा आणि व्यवहारात मिळालेला अधिकार यांतील अंतर स्पष्ट होते.

रोजगार हमीचा विचार हे अंतर कमी करण्याचा स्वातंत्र्योत्तर काळातील एक महत्त्वाचा प्रयत्न होता. राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत कामाचा हक्क मिळवून देण्याची तरतूद करावी असे म्हटले आहे, परंतु मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी या तत्त्वाला प्रशासकीय देह देण्याचा ध्यास घेतला आणि १९६५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात विसापूर परिसरात त्याचा पहिला प्रयोग झाला. त्यांची मांडणी साधी होती : काम मागणाऱ्याला काम द्यायचे, ते गावाच्या उत्पादक उपयोगाचे असावे आणि त्याची मजुरी श्रमाच्या मापावर ठरावी. पुढे १९७१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावर जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यातही ग्रामीण सार्वजनिक कामांच्या मोठ्या कार्यक्रमाचा पुरस्कार केला होता.

या विचाराची खरी परीक्षा १९७२ च्या दुष्काळाने घेतली. पाऊस सलग हुलकावणी देत होता, विहिरी आटल्या होत्या, जनावरे कवडीमोलाने विकली जात होती आणि मे १९७३ च्या सुमारास राज्यातील दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे राबत होती. एवढ्या मोठ्या अवर्षणात व्यापक भूकबळी टळले याचे श्रेय या कामांना आहे, आणि ती कामे वेळेवर निघावीत, मजुरी मिळावी, हजेरीपटावर नावे लागावीत म्हणून लाल निशाण पक्षाने, समाजवाद्यांनी, शहाद्याच्या श्रमिक संघटनेसारख्या संघटनांनी जे लढे दिले त्यांनाही आहे. दुष्काळी कामांवरील मजुरांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या आणि त्यांतील अनेकींना स्वतःच्या नावे मिळालेली ती पहिली मजुरी होती. दुष्काळ ओसरल्यावर ही कामे गुंडाळून टाकणे सोपे होते. तसे न होता महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारभत्ता, स्त्री आणि पुरुष यांना समान दर, कामाच्या ठिकाणी पाणी, सावली व मुलांसाठी पाळणाघर अशी त्याची चौकट होती. याच चौकटीच्या अनुभवावर देशाचा २००५ चा ग्रामीण रोजगार हमी कायदा उभा राहिला.

या योजनेचा एक पैलू उपेक्षित राहिला आहे. तिच्या निधीसाठी १९७५ पासून राज्यात व्यवसाय कर लावण्यात आला, म्हणजे शहरातील पगारदार, व्यापारी आणि वकील-डॉक्टर यांच्याकडून ठरावीक रक्कम घेण्यात येऊ लागली आणि राज्य सरकारने तिच्यात आपला वाटा घातला. ज्याला काम आहे त्याने, ज्याला काम नाही त्याच्या कामासाठी द्यावे, असा हा करार होता. मुंबईतील कारकुनाच्या पगारातून दरमहा कापली जाणारी ती रक्कम माण किंवा आटपाडी तालुक्यातील मजुराच्या कामासाठी आहे, हे त्या कारकुनाला कोणी कधी समजावून सांगितले नाही, ही मोठीच हानी झाली. समाज एकमेकांच्या श्रमाशी बांधला गेला आहे याची जाणीव करून देण्याची दुर्मीळ संधी वेतनचिठ्ठीवरच्या एका कपातीत विरून गेली.

योजनेने काम दिले. हेतू दिला काय, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कामागणिक बदलते. दुष्काळात आणि नंतरही बराच काळ खडी फोडणे हे सर्वाधिक सहज काढता येणारे काम होते, कारण त्यासाठी जमीन लागत नाही, तांत्रिक आखणी लागत नाही आणि माप घेणे सोपे असते. उन्हात बसून फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्याकडेला वर्षानुवर्षे पडून राहिले, तेव्हा मजुरी मिळूनही आपले श्रम कोणालाच नको होते हे त्या मजुरांना रोज दिसत राहिले. याउलट पाझर तलाव, नालाबंडिंग, समतल चर ही कामे ज्या गावांत नीट आखली गेली तेथे पुढच्या पावसानंतर विहिरींची पातळी वाढली आणि आपण उचललेल्या मातीचे काय झाले ते लोकांच्या डोळ्यांसमोर आले. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने १९८९ नंतर, पोपटराव पवार सरपंच असताना, पाणलोटाची कामे गावाच्या स्वतःच्या आराखड्याप्रमाणे केली व त्यांसाठी रोजगार हमीचा निधी वापरला. तेथे मजूर आणि लाभार्थी ही एकच माणसे होती, म्हणून कामाच्या दर्जावर देखरेख करायला वेगळा अधिकारी लागला नाही.

पण हिवरे बाजार हे सर्वसाधारण चित्र नव्हे. अनेक ठिकाणी पाझर तलाव भूमिहीनांनी खोदला आणि त्याच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी होत्या त्यांचा ऊस पिकला. मजुरांना काम मिळाले, गावाला पाणी मिळाले, आणि तरीही श्रम करणारा व फळ घेणारा यांच्यात जमिनीच्या सातबाऱ्याची भिंत तशीच उभी राहिली. १९९० पासून फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली गेली तेव्हा कोकणात काजू-आंबा, सांगोल्याकडे डाळिंब, मराठवाड्यात मोसंबी यांचे क्षेत्र झपाट्याने वाढले. कोरडवाहू जमिनीच्या मालकाला स्वतःच्याच बांधावर हेतुपूर्ण काम मिळाले हे यश निर्विवाद आहे, परंतु ज्याला बांधच नाही तो पुन्हा बाहेर राहिला. या कोंडीला सर्वांत धीट उत्तर दिले ते विलासराव साळुंखे यांनी. पुण्याचे हे अभियंता-उद्योजक १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगाव येथे उतरले आणि पाणी पंचायतीच्या रूपाने त्यांनी असा नियम घातला की पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर नव्हे तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरेल, उसासारखे पाणीखाऊ पीक घेता येणार नाही आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा असेल. भूमिहीनाच्या वाट्याला आलेले पाणी ही त्याची मिळकत झाली, तिच्या बळावर तो जमीनवाल्याशी वाट्याने शेती करू शकत होता. प्रस्तुत ग्रंथाच्या दृष्टीने पाणी पंचायतीचे महत्त्व सिंचनाच्या तंत्रापेक्षा या तत्त्वात अधिक आहे : श्रम सामूहिक असतील तर त्यांच्या फळाची मालकीही तशीच असली पाहिजे, अन्यथा सामूहिकतेची भाषा श्रमिकाला फसवते. हा नियम सरकारी धोरणात कधी पुरता उतरला नाही, याची खंत या ग्रंथाच्या अनेक प्रकरणांतून जाणवेल आणि ती योग्यच आहे.

औद्योगिक कामाच्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या अंगाने उभा राहतो. मुंबईच्या कापडगिरण्यांतील काम कष्टाचे होते, खात्यात कापसाचे तंतू छातीत जात, बदली कामगाराला दाराशी ताटकळावे लागे. आखणीत त्याचा शब्द चालत नव्हता आणि नफ्यात वाटा मागण्यासाठी त्याला संप करावा लागे. तरीही परळ-लालबागच्या गिरणगावाने त्या कामाभोवती जे जीवन उभे केले, गावकीच्या गाळ्यांतील सामाईक बिऱ्हाडे, खानावळी, व्यायामशाळा, भजनी मंडळे, गणेशोत्सव, शाहिरांची कलापथके आणि युनियनच्या सभा, ते याहोडा यांच्या अप्रकट फळांचे फार समृद्ध उदाहरण आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही आणि बहुसंख्यांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींचे काय व्हावे यावर पुष्कळ वाद झाला; त्या कामाभोवती उभे राहिलेले समूहजीवन कशाने भरून काढायचे, यावर फारसा झाला नाही. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकातील गिरणी कामगाराचे कुटुंब ज्या अवस्थेत आहे तिचे वर्णन कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही. याच गिरणगावात १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले होते आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचवले होते. हजारो कामगारांना जेवू घालणारे हे श्रम घरकामाचाच विस्तार समजले जात. त्यांना धंद्याचे स्वरूप आणि हिशोबाची वही मिळाली तेव्हा त्या स्त्रियांचे घरातील आणि वस्तीतील स्थान बदलले.

वरोड्याजवळच्या आनंदवनाचा उल्लेख येथे थोडक्यात करावा लागतो, कारण त्यावर स्वतंत्रपणे पुष्कळ लिहिले गेले आहे. बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांना आश्रय आणि औषध देऊन थांबण्याऐवजी विहीर, शेत आणि हातमाग यांचे काम दिले, आणि ज्या समाजाने त्यांना हाकलले त्याच समाजाच्या मुलांसाठी महाविद्यालय उभारण्यात त्यांचे हात लागले. दयेचा विषय असलेला माणूस देणारा झाला, हा बदल कोणत्याही भत्त्याने घडला नसता.

ग्रंथाच्या अखेरच्या भागात ज्या दोन प्रश्नांची चर्चा आहे ते या प्रस्तावनेच्या चौकटीला ताण देतात. पहिला प्रश्न घरातील विनामोबदला श्रमांचा आहे. मारिएन्थालच्या स्त्रियांचे काम सुटले नाही म्हणून त्यांच्या दिवसाची घडी टिकली, हे निरीक्षण खरे असले तरी त्यावरून तेवढे काम त्यांना पुरेसे होते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. त्या स्त्रियांपैकी अनेकींना गिरणीतले दिवस परत हवे होते, कष्ट दुप्पट असूनही. दुसरा प्रश्न बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे जाणाऱ्या ऊसतोड मजुरांचा आहे. येथे कामाची कमतरता नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतात, त्या दोघांचा हिशोब एकत्र होतो आणि तो बहुतेक वेळा पुरुषाच्या नावे मांडला जातो, मुलांची शाळा सुटते. श्रमाचा उपयोग स्पष्ट आहे, साखर घरोघर पोहोचते, आणि तरीही आखणीचा अधिकार व फळाचा वाटा या दोन्ही बाबतींत हे काम हेतुपूर्ण ठरत नाही. हे मजूर जेथून निघतात त्याच तालुक्यांत बांधबंदिस्तीची, तलावांतील गाळ काढण्याची, पडीक जमीन सुधारण्याची कामे वर्षानुवर्षे पडून आहेत. उचल दसऱ्याच्या कितीतरी आधी, घरात पैशाची नड असते तेव्हा हाती पडते आणि तेथेच पुढचे सहा महिने ठरून जातात. म्हणून रोजगार हमीची कामे त्या भागात पावसाळा सरण्याची वाट न पाहता मंजूर झाली पाहिजेत, त्यांची मजुरी आठवड्याला हाती आली पाहिजे आणि त्यांची निवड ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना ग्रामसभेत हजर राहता येईल अशा काळात झाली पाहिजे, असे या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण तपशिलाने दाखवून देते.